कार्यालयाच्या फायली ओडीएफमध्ये आणायच्या आहेत? सुरुवात कुठून करायची

‘कागदपत्रे खुल्या स्वरूपात ठेवावीत’ असा आदेश आला की कार्यालयात पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे आता वर्ड काढून टाकायचं?’ नाही, निदान लगेच नाही. आदेश फाइल कोणत्या साच्यात जतन करायची एवढंच सांगतो, आणि हा साचा बहुधा ओडीएफ, म्हणजे ओपनडॉक्युमेंट फॉरमॅट असतो. ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये टंकायची हा वेगळा निर्णय आहे, आणि तो नंतर घेतला तरी चालतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की आधी सगळ्या संगणकांवर नवं सॉफ्टवेअर चढतं, आठवड्याभरात पत्रांची मांडणी बिघडल्याच्या तक्रारी येतात आणि महिनाभरात सगळे गुपचूप जुन्या सवयीवर परततात.

हा लेख ज्यांच्या गळ्यात ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना’ म्हणून हे काम पडलं आहे त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांची घेतली आहेत, कारण आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण ओडीएफची नसून फॉन्टची आहे.

१. आदेश नीट वाचा

केंद्र सरकारचं ई-प्रशासनासाठीचं खुल्या मानकांचं धोरण नोव्हेंबर २०१० मधलं. एका कामासाठी शक्यतो एकच मानक असावं आणि त्यावर स्वामित्वशुल्क नसावं, हा त्याचा गाभा. मानकाचा तपशील सर्वांना उपलब्ध असावा, ते नफा न कमावणाऱ्या संस्थेने सांभाळावं आणि लागू असेल तिथे भारतीय भाषांना त्यात जागा असावी, अशाही अटी आहेत. २०१२ मध्ये तांत्रिक मानकांची यादी आली. संपादन करता येईल अशा मजकुरासाठी तिच्यात ओडीएफ आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ चं आणि ते वेगळं आहे. टिपणी लिहिताना ही दोन धोरणं एकमेकांत मिसळू नका. मिसळलीत तर वित्त शाखा नेमका तोच मुद्दा धरून फाइल परत पाठवेल.

ओडीएफ हे मानक ओएसिस या संस्थेने मे २००५ मध्ये मंजूर केलं आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ/आयईसी २६३०० हा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक मिळाला. वर्डच्या डॉकएक्सलाही आयएसओचा क्रमांक आहे, २९५००, तो २००८ चा. त्याच्या मंजुरीच्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं. तेव्हा ‘डॉकएक्स पण आयएसओच आहे की’ हे विधान खरं असलं तरी अपुरं आहे. त्या मानकाचे ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’ असे दोन प्रकार आहेत. वर्ड नेहमीच्या सेव्हमध्ये दुसरा लिहितं, आणि जुन्या वर्डच्या वागणुकीचं ओझं त्या दुसऱ्यातच आहे.

नावानेही फसू नका. डॉकएक्सच्या मानकाचं नाव ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’. ‘आमचं उत्पादन ओपन एक्सएमएलमध्येच सेव्ह करतं’ असं विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तुमच्या आदेशातली अटही त्याने पूर्ण केलेली नसते. स्वदेशी सॉफ्टवेअरलाही हेच लागू. सॉफ्टवेअर कुठल्या देशातलं आहे यावरून ते फाइल कोणत्या साच्यात लिहितं हे कळत नाही.

आदेशात तीन गोष्टी शोधून अधोरेखित करा: नव्या फायलींना लागू की जुन्यांनाही, ओडीएफची आवृत्ती कोणती, आणि अपवाद मंजूर करण्याचा अधिकार कोणाला. तिसरी सापडली नाही तर तसं लेखी विचारा. अपवाद लागणारच आहेत.

लागणारं साहित्य

- आदेशाची प्रत आणि त्यावरची तुमची एक पानी टिपणी
- रिकाम्या जागेची बाह्य हार्ड डिस्क. मूळ फायलींची प्रत आधी, बाकी सगळं नंतर
- लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाची एकच आवृत्ती सगळ्या संगणकांवर. एकावर ७.२ आणि दुसऱ्यावर २४.८ असेल तर दोष कुठला हे कधीच कळत नाही
- युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत) देवनागरी फॉन्ट: नोटो सॅन्स किंवा नोटो सेरिफ देवनागरी, ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, आयआयटी मुंबईचा शोभिका. यांतला एक निवडा, दोन नको
- लिबरेशन, कार्लिटो आणि कॅलाडिया हे रोमन फॉन्ट. त्यांच्या अक्षरांची रुंदी अनुक्रमे एरियल-टाइम्स, कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाइतकीच असते, त्यामुळे इंग्रजी पत्रातली ओळ दुसऱ्या पानावर सरकत नाही
- व्हेरापीडीएफ, पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार) तपासायला
- जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक. तुमच्याकडे कोणता फॉन्ट आहे हे कळल्याशिवाय तो शोधू नका

२. मोजदाद करा, पण नमुन्याने

सर्व्हरवरच्या चाळीस हजार फायली उघडून बघायच्या नसतात. प्रत्येक शाखेतून तीसेक घ्या: दहा पत्रं, दहा तक्ते, पाच नमुने किंवा अर्ज, पाच सादरीकरणं. त्यांची तीन ढिगांत विभागणी करा.

पहिला ढीग बंद प्रकरणांचा. या फायली ओडीएफमध्ये आणूच नका. त्यांना हात लावला की मांडणी हलते, तारीख बदलते आणि मूळ कोणतं हा वाद उभा राहतो. पीडीएफ/ए प्रत काढा आणि मूळ फाइल आहे तशी शेजारी ठेवा. दुसरा ढीग चालू फायलींचा. त्या पुढच्या वेळी उघडल्या जातील तेव्हा ओडीएफमध्ये सेव्ह करायच्या, त्यासाठी मोहीम काढायची गरज नाही. तिसऱ्या ढिगात नमुने, मॅक्रो (फायलीतच ठेवलेले छोटे प्रोग्राम) असलेले तक्ते आणि जुन्या फॉन्टमधल्या फायली. तुमचा नव्वद टक्के वेळ इथे जाणार आहे.

३. फॉन्टचा प्रश्न आधी सोडवा

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टंकलेल्या फायलीत मराठी नसतंच. आत असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. फॉन्ट त्यांना ‘क’, ‘ख’चा मुखवटा चढवतो. अशी फाइल ओडीटी (ओडीएफमधली मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली तर आदेशाचं पालन कागदोपत्री पूर्ण होतं. पण दहा वर्षांनी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की समोर रोमन कचरा. खुल्या डब्यात कुलूपबंद डबी ठेवल्यासारखं आहे हे.

ओळखायची रीत सोपी. फाइल उघडा, शोध खिडकीत युनिकोडमधून ‘महाराष्ट्र’ किंवा पानावर डोळ्यांना दिसणारा कोणताही शब्द टाका. शब्द दिसतो पण शोधात सापडत नाही, तर फॉन्ट जुना. आणखी खात्री हवी असेल तर मजकूर निवडून त्याला एरियल लावा, जुन्या फॉन्टचा असेल तर रोमन कचरा दिसेल. सुरेखच्या बाबतीत जरा जपून, कारण डीव्हीओटी सुरेख हा युनिकोड आहे आणि डीव्हीबी-टीटी सुरेख नाही. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

परिवर्तन झाल्यावर या जागा डोळ्यांनी तपासाव्याच लागतात:

- ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरापाशी परिवर्तक इथेच चुकतो. ‘स्थिती’, ‘कार्यवाही’, ‘वर्षी’ हे शब्द शोधून पाहा.
- ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘अधिकाऱ्यांनी’चं ‘अधिकार्यांनी’ होतं, आणि तो शब्द प्रत्येक पत्रात किमान दोनदा असतो.
- मध्येच आलेली इंग्रजी नावं, ईमेल पत्ते, आकडे. परिवर्तक संपूर्ण मजकूर जुन्या फॉन्टचा समजतो आणि ईमेलच्या पत्त्यालाही देवनागरी करून टाकतो. म्हणून आधी इंग्रजी भाग वेगळा काढा किंवा परिच्छेदागणिक परिवर्तन करा. रकमा मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय फाइल पुढे जाऊ देऊ नका.
- ‘ॲ’. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या आणि काही नव्या कळफलकांवरही ते ‘अ’ आणि वरची चंद्रकोर असं दोन संकेतांत टंकलं जातं. दिसायला एक, शोधायला दोन. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप ठेवा, नाहीतर ‘ॲड.’ नावाचे निम्मे वकील यादीतून गायब होतात.

पुढे टंकायचं ते इनस्क्रिप्ट कळफलकावर. टाइपरायटरची सवय असलेल्यांना रेमिंग्टन पद्धतीचा युनिकोड कळफलक द्या. कळफलकावर वाद घालण्यात अर्थ नाही, आत युनिकोड पडल्याशी कारण.

४. सेटिंग एकदाच, सगळीकडे सारखं

लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’मध्ये जा. भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (सीटीएल) चालू करून त्याची भाषा मराठी ठेवा. हिंदी ठेवलीत तर नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू शकतात. त्यानंतर ‘रायटर’च्या (लिबरऑफिसमधला वर्डसारखा भाग) विभागात ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ मध्ये निवडलेला देवनागरी फॉन्ट घाला.

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. रायटर देवनागरी आणि रोमन मजकुराचे फॉन्ट व आकार वेगवेगळे साठवतं. रोमनचा आकार १२ आणि सीटीएलचा १४ असेल तर एकाच ओळीतलं ‘दिनांक’ मोठं दिसतं आणि इंग्रजी आकड्यांतली तारीख लहान. शैलीच्या खिडकीत दोन्ही रकाने भरायचे असतात. वर्डमध्येही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा असा वेगळा रकाना आहे. वर्डमधून आलेल्या पत्राचा फॉन्ट ‘आपोआप बदलला’ ही तक्रार बहुतेक वेळा त्या रिकाम्या रकान्याची असते.

‘लोड/सेव्ह’मधल्या ‘जनरल’ पानावर तीन गोष्टी पाहा. ‘ऑल्वेज सेव्ह ॲज’मध्ये ओडीएफ हवं. ओडीएफशिवाय दुसऱ्या साच्यात सेव्ह करताना इशारा देणारी खूण चालू हवी. आवृत्ती आदेशाप्रमाणे हवी. आदेश गप्प असेल आणि तुमची पत्रं जुन्या संगणकांवरही उघडायची असतील तर १.२ बरी. ‘एक्स्टेंडेड’ लिहिलेल्या पर्यायात लिबरऑफिस स्वतःच्या काही जादा गोष्टी घालतं, ज्या इतर सॉफ्टवेअरना कळतीलच असं नाही.

तो इशारा आला की लोक सवयीने ‘आहे तेच स्वरूप ठेवा’वर क्लिक करतात. कर्मचाऱ्यांना फक्त त्याऐवजी दाबायचं ओडीएफचं एक बटण शिकवलं तरी निम्मं प्रशिक्षण झालं.

वर्डच वापरायचं असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ असं जाऊन ‘ओपनडॉक्युमेंट टेक्स्ट’ निवडा. एक्सेल आणि पॉवरपॉइंटला वेगळं. ऑफिस २०१३ पासून ओडीएफ १.२ लिहिता येतं. मॅक्रो ओडीटीत जात नाहीत. स्मार्टआर्टचं चित्र होतं, भरायच्या अर्जातले कंटेंट कंट्रोल टिकत नाहीत. वर्ड सेव्ह करताना याचा इशारा देतं, तो वाचा.

५. नमुने नव्याने बांधा

जुनं पत्रशीर्ष ओडीटीत बदलून घेणं हा आळशी मार्ग, आणि तो महाग पडतो. वर्षानुवर्षं ‘सेव्ह ॲज’ करत आलेल्या पत्रात स्पेसबारने सरकवलेले रकाने असतात, रिकाम्या परिच्छेदांनी पाडलेली पानं असतात, टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलेला जावक क्रमांक असतो. साचा बदलला की पहिला घाव यांच्यावर. कोऱ्या पानावर नवा नमुना बांधायला एक तास लागतो, जुना दुरुस्त करायला तीन.

नमुन्यात शैली वापरा: विषय, संदर्भ, मुख्य मजकूर, स्वाक्षरी अशा चार-पाच पुरतात. जावक क्रमांक आणि दिनांक यांसाठी कडा नसलेला दोन रकान्यांचा तक्ता घ्या, टेक्स्ट बॉक्स नको. ओटीटी (ओडीएफमधला नमुन्याचा साचा) म्हणून जतन करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाला द्या.

म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्स आणि खुल्या ऑफिस संचाकडे जायचं ठरवलं, तेव्हा त्यांना नमुने सांभाळण्यासाठी वोलमक्स नावाचं वेगळं साधनच लिहावं लागलं. शहर मोठं होतं, पण अडचण तीच: प्रत्येक विभागाचं पत्रशीर्ष निराळं. तुमच्याकडे वोलमक्स लागणार नाही. सहा शाखांची सहा पत्रशीर्षं एकावर आणायला वरिष्ठांची सही लागेल, ती आधी घ्या.

६. तक्ते: इथे घाई नको

साधी बेरीज-वजाबाकीची पत्रकं बिनधास्त ओडीएसमध्ये (ओडीएफचा तक्त्यांचा साचा) न्या. बाकीच्यांसाठी ही तपासणी:

मॅक्रो आहे का? लिबरऑफिस व्हीबीएचा (एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा) काही भाग चालवतं, सगळा नाही. मॅक्रो काय करतो ते लिहून काढा. बऱ्याचदा तो फक्त छपाईचं क्षेत्र ठरवत असतो किंवा रांगा क्रमवार लावत असतो आणि त्याची गरजच नसते. खरोखर गरज असेल तर ती फाइल अपवादांच्या यादीत टाका. त्या एका पत्रकासाठी सगळं काम अडवू नका.

पिव्होट, कंडिशनल फॉरमॅटिंग आणि डेटा व्हॅलिडेशन एकेक करून बघा. रकमेचे स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडतात ना तेही पाहा. पडत नसतील तर रकान्याची भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ किंवा मराठी करा. रुंद पत्रकं असतील तर लिबरऑफिसची जुनी आवृत्ती टाळा, ७.४ च्या आधी तिच्यात १,०२४ च स्तंभ मिळत. त्यानंतर एक्सेलइतकेच १६,३८४.

बेरजा जुळवून पाहण्याची हमखास रीत: जुनी आणि नवी फाइल दोन्ही सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने असलेली साधी मजकूर फाइल) काढा आणि शेवटच्या रांगा ताडा. सीएसव्ही काढताना आणि उघडताना संकेतन ‘युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडा. लिबरऑफिस उघडताना ते विचारतं. एक्सेलमध्ये मात्र दुहेरी क्लिकने उघडलेल्या सीएसव्हीतली मराठी नावं कचरा दिसू शकतात. तिथे ‘डेटा’ टॅबमधून आयात करा. कचरा दिसत असताना सेव्ह केलंत तर नावं कायमची गेली.

घरपट्टीच्या नोटिसांसारखं मेल मर्ज (यादीतली नावं घालून एकाच पत्राच्या अनेक प्रती काढणं) असेल तर एक लक्षात ठेवा: रायटर यादीची नोंद ‘डेटा सोर्स’ म्हणून त्या संगणकावर करतं. ओडीटी दुसऱ्या संगणकावर नेली की नावांच्या जागी फक्त रकान्यांची नावं छापली जातात. तिथे डेटा सोर्स पुन्हा नोंदवावा लागतो, जुन्याच नावाने.

७. सहीची प्रत पीडीएफ/ए मध्ये

ओडीएफ कामाच्या मसुद्यासाठी. अंतिम प्रत पीडीएफ/ए. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०१४ मध्ये असंच ठरवलं: फायलींची देवाणघेवाण आणि एकत्र संपादन ओडीएफमध्ये, नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ/ए किंवा एचटीएमएल.

‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’मध्ये ‘आर्काइव्ह’ची खूण करून पीडीएफ/ए-२बी निवडा. यात फॉन्ट फायलीतच बसवले जातात आणि पासवर्ड लावता येत नाही. लावायचा असेल तर ती प्रत जतनासाठीची नव्हे. डिजिटल स्वाक्षरी या निर्यातीनंतर करा. आधी सही, मग निर्यात केली तर सही गेली.

तिथेच ‘हायब्रिड पीडीएफ’ असा पर्याय दिसतो. तो पीडीएफच्या पोटात मूळ ओडीएफ ठेवतो. शाखेअंतर्गत फिरणाऱ्या मसुद्याला सोयीचा, बाहेर जाणाऱ्या पत्राला घातक, कारण तुमचा संपादनयोग्य मसुदाही समोरच्याच्या हाती जातो.

स्कॅन केलेल्या कागदाची पीडीएफ ही पीडीएफ/ए असली तरी त्यात शोधता येणारा मजकूर नसतो. ओडीटी हातात असताना ती छापून पुन्हा स्कॅन करण्याची प्रथा आहे तिथे ती बंद करा.

८. कोणी मागे राहत नाही ना

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००५ मध्ये ओडीएफ सक्तीचं ठरवलं, अंमल १ जानेवारी २००७ पासून. तिथे मोठा विरोध अपंगांच्या संघटनांकडून आला: पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर तेव्हाच्या ओडीएफ सॉफ्टवेअरशी नीट जुळत नव्हते. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने यादीत ऑफिस ओपन एक्सएमएललाही जागा दिली. आज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिबरऑफिसबरोबर चालतो, पण ‘चालतो’ हे तुम्ही ठरवू नका. तुमच्या कार्यालयात दृष्टिहीन सहकारी असतील तर नवा नमुना आधी त्यांच्याकडून वाचून घ्या, मग बाकीच्यांना द्या.

९. बाहेरच्यांशी व्यवहार

बाहेरून डॉकएक्स येणारच. ती नाकारू नका. उघडा, काम करा, ओडीटीत जतन करा, मूळही ठेवा. एकच फाइल डॉकएक्स-ओडीटी-डॉकएक्स अशी तीनदा फिरवू नका, प्रत्येक फेरीत काही ना काही गळतं. दोन कार्यालयांनी मिळून मसुदा करायचा असेल तर तो पूर्ण होईपर्यंत एकच साचा ठरवून घ्या. बदलांच्या नोंदी चालू असतील तर हे जास्तच महत्त्वाचं. पासवर्ड लावलेली ओडीएफ समोरच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल यावर विसंबू नका.

कोणते फॉन्ट आहेत याचा पत्ता नाही अशा संगणकावर जाणारी महत्त्वाची ओडीटी असेल तर ‘फाइल’मधल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘फॉन्ट’ टॅबवर फॉन्ट अंतर्भूत करण्याची खूण करा. फाइल जड होते, म्हणून नेहमी नको. मंगल किंवा निर्मलासारखे विंडोजचे फॉन्ट वाटप करण्यासाठी मोकळे नाहीत. नोटो, ‘मुक्त’ आणि शोभिका मोकळे आहेत.

१०. पुढची खरेदी

निविदेत उत्पादनाचं नाव लिहू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येही मालाच्या वर्णनात विशिष्ट ब्रँडची मागणी टाळायला सांगितलं आहे. ‘खुल्या मानकांना पाठिंबा असावा’ हे वाक्यही लिहू नका, त्यात काहीही बसतं. असं लिहा: ‘सॉफ्टवेअरने आयएसओ/आयईसी २६३००:२०१५ नुसार मजकूर, तक्ते व सादरीकरण उघडावे, संपादित करावे व मूलभूत स्वरूप म्हणून जतन करावे. युनिकोड मराठी मजकूर उघडून जतन केल्यावर त्यात बदल होऊ नये. कार्यालयाने दिलेल्या वीस नमुना फायलींवर हे निविदापूर्व चाचणीत दाखवावे.’

त्या वीस फायली दुसऱ्या पायरीतल्या नमुन्यातूनच निवडा, आणि ‘अधिकाऱ्यांनी’ शब्द असलेलं एक पत्र त्यांत नक्की असू द्या.